शब्दशंका : नवी मुंबईतली 'नवी' कुठली?

या वेळच्या पानांसाठी आम्ही एकच शब्द ठरवला होता, 'नवा'. मराठीतल्या या साध्या विशेषणाचे नातलग जवळजवळ सगळ्या युरोपभर पसरलेले आहेत. ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. दोन-तीन पत्रांत एकच शंका होती, तिथे ती एकत्र केली आहे.

प्रश्न (ऐरोली) : 'नवी मुंबई'तली 'नवी', इंग्रजीतला 'न्यू' आणि लॅटिनमधला 'नोवुस' हे एकच शब्द आहेत असे वाचले. मग कोणी कोणाकडून घेतला? इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आला म्हणावे, तर संतांच्या मराठीतही तो आहे.

उत्तर : कोणीच कोणाकडून घेतलेला नाही. ज्या भाषेतून पुढे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, रशियन, जर्मन या सगळ्यांचे पूर्वज फुटले, त्या भाषेत हा शब्द होता आणि प्रत्येक शाखेने तो आपापल्या घरी नेला. त्या भाषेचा लिखित पुरावा नाही. वंशज भाषांची तुलना करून अभ्यासक तिचे शब्द मांडतात आणि मांडणी आपली आहे हे कळावे म्हणून अशा रूपाआधी तारा काढतात. आपल्या शब्दाचे मांडलेले रूप आहे *नेवोस.

आता एकेक घर पाहा. संस्कृतात मूळ भाषेतले ए, ओ आणि अ हे तिन्ही ऱ्हस्व स्वर एकवटून 'अ' झाले, म्हणून नेवोसचे 'नवस्', म्हणजेच विसर्ग होऊन 'नवः'. लॅटिनमध्ये 'व'च्या आधीचा 'ए' बदलून 'ओ' झाला, म्हणून 'नोवुस'. ग्रीकमध्ये मधला 'व' गळाला, म्हणून 'नेओस'. हा 'व' खरोखर होता की पंडितांनी सोयीसाठी घातला, अशी शंका कोणी घेऊ शकेल. पण मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये लिनिअर बी ही लिपी उलगडली आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर ग्रीक भाषेत चक्क 'ने-वो' असे लिहिलेले सापडले. तर्काने मांडलेला 'व' पाटीवर मिळाला. व्युत्पत्तीच्या अभ्यासात इतका स्वच्छ पडताळा क्वचित येतो.

रशियनमध्ये हा शब्द 'नोवी', चेकमध्ये 'नोव्ही', फारसीत 'नौ'. आज तुर्कस्तानात मोडणाऱ्या प्रदेशात एके काळी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत 'नेवा'. ठाण्याच्या अग्यारी लेनमध्ये राहणाऱ्यांना 'नवरोज' ओळखीचा असेल. त्यातला पहिला भाग हाच, आणि 'रोज' म्हणजे दिवस.

इंग्रजी 'न्यू'चे नाते मात्र थोडे वेगळ्या अंगाने आहे. जर्मन 'नॉय', इंग्रजी 'न्यू', लिथुआनियन 'नाऊयास', आयरिश 'नुआ', वेल्श 'नेविद' ही मंडळी नेवोसपासून आलेली नाहीत. ती 'य' जोडलेल्या *नेव्योस या भावंडापासून आली. संस्कृतात त्याचे रूप 'नव्य', ते ऋग्वेदातही आहे. म्हणजे 'न्यू'चा सख्खा भाऊ 'नव्य' आणि चुलत भाऊ 'नव'. आपला 'नवा' सख्ख्या नात्याने लॅटिन, ग्रीक आणि रशियन रूपांच्या जवळ बसतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी आणि संस्कृत शब्दांचे नाते एरवी कानाला लगेच कळत नाही. 'दंत' आणि 'टूथ', 'पाद' आणि 'फुट', 'दश' आणि 'टेन' हे जोड सांगावे लागतात, कारण जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या शाखेत येतात तिच्या, भाषांत प, त, क, द, ग या व्यंजनांची मोठी उलथापालथ झाली. 'न' आणि 'व' त्या उलथापालथीतून सुटले. म्हणून 'नव' आणि 'न्यू' शेजारी ठेवले की शाळकरी मुलालाही साम्य दिसते.

प्रश्न (नेरूळ) : 'मी नवी मुंबईत राहतो' बरोबर की 'नव्या मुंबईत'? आमच्या सोसायटीच्या पत्रकात यावरून वाद झाला.

उत्तर : शहराचे नाव म्हणून लिहिता तेव्हा 'नवी मुंबईत'. 'नव्या मुंबईत' लिहिले तर व्याकरणाची चूक होत नाही, पण मग अर्थ होतो 'बदललेल्या, नव्या रूपातल्या मुंबईत', आणि तो दादर-परळबद्दलही असू शकतो.

नियम असा, की 'नवा' हे विकारी विशेषण आहे. नवा रस्ता, नवी इमारत, नवं दुकान, आणि विभक्ती लागली की नव्या रस्त्यावर, नव्या इमारतीत. याउलट 'नवीन' अविकारी आहे, म्हणून 'नवीन पनवेल'च्या बाबतीत हा वाद कधी उद्भवत नाही. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, शहर आखले गेले, पुष्कळ वर्षे 'न्यू बॉम्बे' हे नावही चालले. 'नवी मुंबई' हे जोडनाव रुळत गेले तसे त्यातले विशेषण घट्ट झाले आणि विभक्ती फक्त शेवटच्या शब्दाला लागू लागली.

हे आपल्याकडेच घडले असे समजू नका. रशियातल्या नोव्हगोरोड या शहराच्या नावाचा अर्थ 'नवे नगर'. जुन्या रशियनमध्ये 'नोव्हगोरोडमध्ये' म्हणताना 'नव' आणि 'नगर' या दोन्ही भागांना विभक्ती लागत असे, थेट 'नव्या नगरात' सारखी. आजच्या रशियनमध्ये ती फक्त शेवटी लागते. ग्रीकांनी इटलीच्या किनाऱ्यावर वसवलेली 'नेआ पोलिस', म्हणजे नवी नगरी, हिचेही असेच झाले. दोन शब्द जुळून 'नेआपोलिस' झाले आणि आज इटालियन माणूस 'नापोली' म्हणतो, इंग्रज 'नेपल्स'. तिथे तर विशेषण होते हेही बोलणाऱ्याला जाणवत नाही.

तेव्हा पत्रकात 'नवी मुंबईत' छापा. शाळेच्या निबंधात 'नव्या मुंबईत' लिहिणाऱ्या मुलाचे गुण मात्र कापू नयेत, त्याने नियम पाळलेला असतो.

प्रश्न (कळवा) : 'नव्याचे नऊ दिवस' या म्हणीत नवा आणि नऊ एकत्र आलेत. संस्कृतात दोन्हींना 'नव'च म्हणतात. हे शब्द मुळात एकच आहेत का?

उत्तर : हा प्रश्न अभ्यासकांनाही मोहवत आला आहे, कारण जोडी फक्त आपल्याकडे नाही. लॅटिन नोवुस आणि नोवेम, इटालियन नुओव्हो आणि नोव्हे, स्पॅनिश नुएव्हो आणि नुएव्हे, जर्मन नॉय आणि नॉइन, फारसी नौ आणि नोह. फ्रेंचमध्ये तर संस्कृतासारखाच पूर्ण एकरूप प्रकार आहे, 'नफ' म्हणजे नऊ आणि 'नफ' म्हणजे नवा.

यावर एक तर्क असा दिला जातो. संस्कृत 'अष्टौ' हे रूप द्विवचनासारखे दिसते, जणू चारच्या दोन जोड्या. म्हणजे जुनी मोजणी चाराचाराने चालत असावी, आठावर एक फेरी संपली की पुढचा आकडा 'नवा'. तर्क सुंदर आहे, पण ग्रीक भाषा आडवी येते. ग्रीकमध्ये नऊला 'एन्नेआ' म्हणतात, सुरुवातीला 'ए' आहे. हा 'ए' मूळ शब्दात 'न'च्या आधी असलेल्या एका ध्वनीची खूण आहे, इतर भाषांत तो गळून गेला. 'नवा'च्या ग्रीक रूपात, 'नेओस'मध्ये, असे काही नाही. त्यामुळे आम्ही हे दोन शब्द वेगळे मानतो. पुढच्या काळात ते घासून एकमेकांसारखे झाले.

संस्कृतात तर फरक आजही धरता येतो. नऊचे प्रातिपदिक, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचे मूळ रूप, 'नवन्', नव्याचे 'नव'. घोळ होतो समासात, कारण तिथे 'न्' गळतो. नवरात्र, नवग्रह, नवरस, नवरत्न यांत नऊ, आणि नवजात, नववधू, नवसाक्षर, नवकथा यांत नवा. पुढे ठरावीक संख्येचा संच असेल तर बहुधा नऊ असतात. 'नवविधा भक्ती' इथे पुष्कळजण चुकतात, ती नऊ प्रकारची भक्ती आहे. 'नवम' म्हणजे नववा, तर पाय मोडलेला 'नवम्' म्हणजे नवं. छपाईत एक हलन्त सुटला तरी अर्थ बदलतो.

नोव्हेंबरही याच सापळ्यात आहे. तो नवा महिना नव्हे, नववा. रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : मी फ्रेंच शिकते आहे. 'नफ' आणि 'नूव्हो' दोन्हींचा अर्थ पुस्तकात 'नवा' दिला आहे. कुठला कधी वापरायचा ते काही केल्या बसत नाही.

उत्तर : मराठीत विचार केलात तर पटकन बसेल. 'नफ' म्हणजे कोरा, न वापरलेला. 'नूव्हो' म्हणजे आधीच्यापेक्षा दुसरा, आपल्याकडे नुकताच आलेला. शेजाऱ्यांनी जुन्या बाजारातून गाडी घेतली तरी आपण 'त्यांची नवी गाडी' म्हणतो. फ्रेंचमध्ये ती 'नूव्हेल व्हॉतूर' झाली. शोरूममधून आलेली नवी कोरी गाडी असेल तर 'व्हॉतूर नव्ह'. या दोन उदाहरणांत जागाही पाहून घ्या, 'नूव्हो' बहुधा नामाच्या आधी येतो, 'नफ' नामानंतर.

स्त्रीलिंगी रूपे 'नूव्हेल' आणि 'नव्ह'. पुल्लिंगी नामाची सुरुवात स्वराने होत असेल तर 'नूव्हो'चे 'नूव्हेल' होते, जसे नववर्षासाठी 'नूव्हेल आं'. लिहिताना मात्र हे पुल्लिंगी रूप स्त्रीलिंगीपेक्षा आखूड, शेवटचे 'ले' गाळून लिहायचे.

संख्येचा 'नफ' वेगळा कसा ओळखायचा, हेही इथेच सांगतो. संख्या नामाच्या आधी येते आणि तिला लिंग-वचन लागत नाही. 'नफ लीव्र' म्हणजे नऊ पुस्तके, 'लीव्र नफ' म्हणजे नवी कोरी पुस्तके. शिवाय तास आणि वर्ष या शब्दांआधी संख्येतल्या 'फ'चा उच्चार 'व्ह' होतो. नऊ वाजले हे सांगताना 'नफ अर' म्हणू नका, 'नव्हर' म्हणा. लॅटिनमधला जुना 'व' तिथे अजून ऐकू येतो.

'नफ' लॅटिन नोवुसपासून आला आणि 'नूव्हो' त्याच्या 'नोवेल्लुस' या लाडक्या, लघुत्वदर्शक रूपापासून. बोलण्यातला एक प्रयोग तुम्हाला फार जवळचा वाटेल. भेटल्यावर आपण विचारतो, 'काय नवीन?' फ्रेंच माणूस विचारतो, 'क्वा द नफ?' रचना जवळजवळ तीच.

प्रश्न (कोपरखैरणे) : बाहेरून आलेली माणसे इंग्रजी पाटी वाचून 'नेव्ही मुंबई' म्हणतात. नेव्ही आणि नवी यांचा काही संबंध?

उत्तर : नाही. 'नेव्ही' लॅटिन 'नाविस'वरून, म्हणजे जहाज. त्याचा आपल्याकडचा नातलग संस्कृत 'नौ' आणि खाडीत चालते ती 'नाव'. माणसाचे 'नाव' मात्र 'नाम'पासून आले. लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' हे त्याचे भाऊ. मराठीत दोन वेगळे प्रवाह एकाच उच्चारात येऊन मिळाले आहेत. 'नवाब'चाही 'नवा'शी संबंध नाही, तो अरबी.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : नवा, नवीन, नूतन, नव्य, अभिनव... इतके शब्द कशाला? आणि नवरा, नवल हे यातलेच का?

उत्तर : अर्थाच्या छटा आणि वापराच्या जागा वेगळ्या आहेत. 'नवा' घरातला, प्राकृतातून झिजत आलेला. त्याच्या शेवटच्या 'आ'कडे लक्ष द्या. संस्कृत 'नवा' स्त्रीलिंगी, लॅटिन 'नोवा' स्त्रीलिंगी, मग मराठी 'नवा' पुल्लिंगी कसा? तर मराठीतली अशी विशेषणे 'क' लागलेल्या रूपावरून येतात, नवकः, मग 'नवओ', मग 'नवा'. स्त्रीलिंगी 'नविका'ची 'नवी' झाली. तेव्हा मराठी 'नवा' आणि लॅटिन 'नोवा' यांचा शेवट सारखा दिसतो, पण तो योगायोग आहे. धातूचे नाते खरे, 'आ'चे नाही.

'नवीन'ला संस्कृत प्रत्यय जसाच्या तसा आहे, कुलीन-ग्रामीण यांच्यासारखा. 'नूतन'ची घडण निराळी आणि आम्हाला विशेष आवडणारी. 'नू' म्हणजे आता, आणि 'तन' हा काळाशी नाते सांगणारा प्रत्यय, जो सनातन, पुरातन, अद्यतन यांत आहे. नूतन म्हणजे 'आत्ताचा'. हा 'नू' इंग्रजी 'नाऊ', जर्मन 'नून' आणि लॅटिन 'नुंक'मध्ये आहे, आणि खुद्द 'नव'ही याच 'नू'पासून घडला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, दुसऱ्या ऋचेत, 'पूर्वेभिः' म्हणजे आधीच्या आणि 'नूतनैः' म्हणजे आताच्या ऋषींनी स्तवलेला अग्नी आहे. इतके जुने 'नूतन'!

'नवरा' हा 'नववर', लग्नाच्या दिवशीचा नवा वर. पुढे संसाराला पन्नास वर्षे झाली तरी शब्द तोच राहिला. 'नवल' हा 'नव'ला 'ल्ल' प्रत्यय लागून झालेला, जे नवे ते आश्चर्याचे. लॅटिन नोवेल्लुसपासूनची 'नॉव्हेल' आणि आपले 'नवल' जवळचे भासतात, धातूही एकच आहे. प्रत्यय मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागले.

नपुंसकलिंगी 'नवं' कोकणात नाम म्हणूनही वापरतात. भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, ते 'नवं बांधणे'. ग्रीकांनीही विशेषणाच्या नपुंसकलिंगी रूपाचे असेच नाम केले. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या वायूला 'नेओन' नाव दिले, म्हणजे शब्दशः 'नवं'. वाशीतल्या दुकानांवरच्या निऑन पाट्या तो शब्द रोज मिरवतात. खगोलातला 'नोव्हा' स्त्रीलिंगी आहे, कारण लॅटिनमध्ये तारा, 'स्तेल्ला', स्त्रीलिंगी. टिको ब्राहे यांनी १५७२ मध्ये आकाशात पाहिलेल्या ताऱ्याला 'नोवा स्तेल्ला' म्हटले, पुढे नाम गळाले आणि विशेषण उरले.

प्रश्न (पनवेल) : युरोपात हा शब्द नसलेली भाषा आहे का?

उत्तर : आहे. फिनिशमध्ये 'ऊसी', हंगेरियनमध्ये 'ऊय', बास्कमध्ये 'बेरी'. या भाषा आपल्या कुळातल्या नाहीत. बास्कमधला 'बेरी' तुम्ही नकळत उच्चारता. 'एत्शे बेरी' म्हणजे नवे घर, त्यावरून 'झेवियर' हे गावाचे आणि मग सेंट झेवियर यांचे नाव आले.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : मग 'जुना'चे काय? तोही असाच सगळीकडे आहे का?

उत्तर : नाही, आणि हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. 'नवा'साठी एकच शब्द इतक्या शाखांनी जपला, 'जुना'साठी तसे झाले नाही, बऱ्याच शाखांनी वेगवेगळे शब्द धरले. आपला 'जुना' संस्कृत 'जूर्ण'वरून. 'जीर्ण' आणि 'जरा' त्याच्याच घरातले, आणि ग्रीकमध्ये म्हाताऱ्याला 'गेरोन' म्हणतात तोही. डॉक्टर ज्याला जेरिअॅट्रिक म्हणतात, ते वृद्धांच्या आजारांचे शास्त्र, त्या 'गेरोन'च्या घराण्यातून. इंग्रजी 'ओल्ड'चा मूळ अर्थ 'वाढलेला'.

लॅटिनमध्ये दोन शब्द होते. माणूस म्हातारा झाला की 'सेनेक्स', वस्तू जुनी झाली की 'वेतुस'. मराठीतही आपण हा भेद पाळतो, म्हातारा माणूस आणि जुने घर. ('म्हातारा' आला 'महत्तर'वरून, म्हणजे मुळात तो मानाचा शब्द.) सेनेक्सचा भाऊ संस्कृत 'सन', जो सनातनमध्ये आहे आणि 'सिनेट', 'सीनियर' यांतही. वेतुसचे नाते 'वत्सर', म्हणजे वर्षाशी. 'वत्स', वासरू, म्हणजे मुळात एक वर्षाचे पिल्लू.

प्रश्न (बेलापूर) : दोन भाषांतले शब्द सारखे दिसले, तर नाते खरे की भास, हे सामान्य वाचकाने कसे तपासावे?

उत्तर : आधी दोन्हींची सर्वांत जुनी लिखित रूपे काढा. मराठीसाठी मोल्सवर्थच्या कोशापासून सुरुवात करा आणि तिथून प्राकृत-संस्कृत रूपाकडे जा. आजच्या रूपांची तुलना करू नका. बहुतेक चुका इथेच होतात.

मग ध्वनींची जोडी लावा आणि तीच जोडी आणखी चार-पाच शब्दांत मिळते का पाहा. ग्रीक 'ए'च्या जागी संस्कृत 'अ' येतो असे म्हणायचे असेल तर नेओस-नव एवढ्यावर थांबू नका. डेका-दश, हेप्टा-सप्त, फेरो-भरामि असे पुरावे जमवा. एका शब्दाची जोडी म्हणजे योगायोग असू शकतो.

त्यानंतर उसनवारीची शक्यता तपासा. व्यापार, राज्य, धर्म यांतून शब्द येतात, तिथे साम्य खरे असते पण नाते रक्ताचे नसते. 'टेबल' मराठीत आहे म्हणून ते आपल्या कुळातले होत नाही.

हे सगळे का करायचे, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आणखी एक रोजचे विशेषण. फारसीत 'बद' म्हणजे वाईट, तोच आपल्या बदनाममध्ये आहे. इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट. उच्चार जवळजवळ एक, अर्थ तंतोतंत एक, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. तरी या दोन शब्दांचे काहीही नाते नाही. जुनी रूपे काढली की फारसी शब्दात आधी 'व' निघतो, तो होता 'वत'. इंग्रजी 'बॅड'मधला 'ब' मात्र जुन्या रूपातही 'ब'च आहे.